आप्पांचा पालाश

आप्पा पहिल्यांदा आले ते 2025 च्या फेब्रुवारीत. सोबत माई आणि धाकटी सून. सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला एक झेरॉक्स कागद होता, उघडूनमिटून घडीवर फाटलेला. वर लिहिलेलं ‘किडनी रुग्णांचा आहार’, खाली दोन रकाने. ‘खाऊ नये’चा रकाना पानभर, ‘खावे’चा सहा ओळींत आटपलेला. खाऊ नये, पहिली ओळ: केळी. दुसरी: सर्व डाळी. आप्पा चोपडा तालुक्यातले, पाच एकर केळी लावणारे. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मटण-अंड्याचा प्रश्नच नाही. हा कागद त्यांना कुणी दिला ते मी विचारलं नाही. असे कागद सगळीकडेच फिरत असतात.

कागद माझ्या टेबलावर ठेवून आप्पा म्हणाले, “ताई, केयं बी नही, दाय बी नही, मंग मी खाऊ काय?”

आहारतज्ज्ञ म्हणून बारा वर्षं मी हा प्रश्न ऐकतेय, पण त्याला इतकं नेमकं रूप क्वचितच मिळालं. प्रकरण लिहून ठेवायचं कारण तेच. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आले तेव्हाची स्थिती

वय 61. रक्तदाब चौदा वर्षांपासून. गुडघ्यांसाठी दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. मधुमेह नाही. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, 2.9. त्यावरून किडनीच्या गाळण्याचा अंदाजी वेग 24, आजाराच्या पाच टप्प्यांपैकी चौथा. डायलिसिसची गरज अजून नव्हती आणि ती शक्य तितकी लांबवायची होती. पोटॅशियम 5.9. हे 5 च्या आत असावं लागतं; फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अनेकदा आधी काहीच लक्षण दिसत नाही. किडनीच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टनचा डोस कमी केला होता, कारण रक्तदाबाच्या या जातीच्या गोळ्यांनी पोटॅशियम वर सरकतं. बाकीचं काम जेवणाकडून करून घ्यायचं होतं.

मला जास्त खटकलं ते वजन. दोन महिन्यांत 62 वरून 58. कागद मिळाल्यापासून आप्पा भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर होते. संध्याकाळी नुसता भात. भाज्यांची भीती, डाळींची भीती, फळांची भीती. पुरेसं खाल्लं नाही की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, आणि त्या जळणातून निघणारा कचरा पुन्हा त्याच थकलेल्या किडनीकडे जातो. शिवाय त्यांना बद्धकोष्ठ झालं होतं. किडनी कमी पडते तेव्हा पोटॅशियम बाहेर टाकण्याचं थोडं काम आतडं उचलतं, आणि इथे तीही वाट अडलेली. पथ्य इतकं कडक पाळलं होतं की त्यानेच नुकसान चाललं होतं.

नत्र, स्फुरद, पालाश

पोटॅशियम हा शब्द मी तीनदा वापरला. आप्पा मान हलवत होते, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. मग विचारलं, “आप्पा, केळीला ठिबकमधून काय सोडता?”

उत्तर गोळीसारखं आलं. सुरुवातीला एकोणीस-एकोणीस, मग झिरो बावन्न चौतीस, घड पोसायला लागला की झिरो झिरो पन्नास. पांढरा पोटॅशही. केळी पालाशाची हावरी असते, पालाश कमी पडला तर घड भरत नाही, हे त्यांनीच मला समजावलं.

“हाच पालाश म्हणजे पोटॅशियम. तो तुमच्या रक्तात साठलाय. निचरा बंद पडलेल्या वावरात तुम्ही खत सोडताय.”

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग सुनेकडे वळून म्हणाले, की म्हणूनच केळं पहिल्या ओळीत आहे. त्यानंतर मला फार समजवावं लागलं नाही. उलट दोन गोष्टी त्यांनीच मला सोप्या करून दिल्या.

एक म्हणजे, पालाश पाण्यात विरघळतो, म्हणून तर ठिबकमधून देता येतो. तसाच तो चिरलेल्या भाजीतून उकळत्या पाण्यात उतरतो. बटाट्याच्या बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळल्या आणि पाणी ओतून दिलं, तर जवळपास निम्मं पोटॅशियम निघून जातं. किसून उकळला तर त्याहून जास्त. रात्रभर नुसत्या थंड पाण्यात भिजत घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याने फारसा फरक पडत नाही. उकळायला हवं.

दुसरी गोष्ट स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची. किडनीच्या रुग्णाला फॉस्फरसही आवरावा लागतो, आणि डाळी-धान्यांत तो भरपूर असतो म्हणून त्या कागदावर डाळी वर्ज्य. पण डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो, आणि आपल्या आतड्याला त्याचा साधारण अर्धा किंवा त्याहून कमी भागच सुटा करता येतो. पाकीटबंद पदार्थांत आणि काळ्या कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. आप्पा म्हणाले, जमिनीतही स्फुरद पडून असतो, पिकाला लागू होत नाही. अगदी तसंच. किडनीच्या आहारात आता वनस्पतीज प्रथिनांकडे कल झुकतोय त्यामागे हेही एक कारण आहे. माळकरी आप्पांना तर नवं काही धरायचं नव्हतं. कागदाने जे सोडायला लावलं होतं तेच मापात परत आणायचं होतं.

ताट पुन्हा मांडताना

प्रथिनं दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास आणि पोटॅशियम 2,000 मिलिग्रॅमच्या आत, हे डॉक्टरांशी बोलून ठरवलं. मग घरात काय शिजतं ते विचारलं.

सर्वात आधी कळणा. ज्वारीत काळे उडीद घालून दळलेलं पीठ. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी नसेल तर खानदेशात घराला घर म्हणत नाहीत. उडदात पोटॅशियमही जास्त आणि प्रथिनंही, पण खरी अडचण वेगळीच निघाली. आप्पांच्या घरी दळणातच खडेमीठ घालायची रीत आहे. म्हणजे मीठ पिठात, मीठ ठेच्यात, मीठ भाजीत. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, ठेवायचं तर सकाळच्या दोन भाकऱ्यांतच बराचसा वाटा संपायचा. आप्पांचं दळण वेगळं काढायचं ठरलं: नुसती ज्वारी, बिनमिठाची. आठवड्यात एकदा कळणा, तोही उडीद निम्मे करून. माईंना पटायला वेळ लागला. बिनमिठाची भाकरी थापताना त्यांना काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं.

वांगं पाहून मात्र मला हायसं वाटलं. शंभर ग्रॅम वांग्यात साधारण 230 मिलिग्रॅम पोटॅशियम. पालकात त्याच्या दुपटीहून जास्त. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. एका मानांकनाने आप्पांच्या ताटातून रजा घेतली होती, दुसरं राहू शकत होतं. भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वर फोडणी. त्यात पडणारे मूठभर शेंगदाणे चमच्यावर आणले.

डाळीसाठी नियम असा: तीस ग्रॅम कोरडी तूरडाळ रोज, भरपूर पाण्यात शिजवायची, वरचं पाणी काढायचं, मग नव्या पाण्यात फोडणी द्यायची. फौजदारी डाळीचा घट्टपणा त्यात येत नाही, हे आधीच सांगून टाकलं. संध्याकाळच्या खिचडीत तांदूळ वाढवला, डाळ घटवली.

आणि खिचडीवरचं कच्चं तेल. आप्पांनी ते कागदाच्या धाकाने सोडलं होतं. मी परत सुरू केलं. तेलात ना पालाश ना प्रथिनं, आणि 58 किलोच्या माणसाला दिवसाला सतराशेच्या वर कॅलरी लागतात. भाकऱ्या वाढवून त्या भरायच्या म्हटलं तर सोबत नको ते सगळं येतं. पस्तीस-चाळीस ग्रॅम तेल दिवसभरात, शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं, मोजून. या आजारात आरोग्याची एरवीची समजूत उलटीपालटी होते. गुळापेक्षा साखर बरी, कारण गुळात पोटॅशियम बरंच असतं. पांढरा भात बरा. बीटाचा रस नको, शहाळं नको. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात 250 मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक नातलग एक-दोन शहाळी घेऊनच येतो. सुनेला सांगितलं, सफरचंदं ठेवा, शहाळी आल्या पाहुण्यांनाच फोडून द्या.

मधल्या खाण्याचा प्रश्न जेवणापेक्षा चिवट होता. आप्पा पूर्वी बागेत फेरी मारताना घडावर पिवळी पडलेली दोन-तीन केळी जागीच खायचे. दुपारी चहासोबत भाजलेले शेंगदाणे, कधी शेव-मुरमुरे. एका केळ्यात 400 च्या आसपास मिलिग्रॅम, म्हणजे बागेच्या एका फेरीत निम्म्या दिवसाचा कोटा. आता बागेत जाताना डबी द्यायची ठरली: मुरमुरे, काकडी, कांदा, थोडं तेल-तिखट, शेव नाही. कधी ज्वारीच्या लाह्या. फळ एकच, शंभर ग्रॅमचं: सफरचंद, पेर, अननस, पावसाळ्यात जांभूळ. तिसऱ्या आठवड्यात कळलं की आप्पा केळीचे वेफर्स खातात. “ते कच्च्याचे असतात ना,” हा युक्तिवाद. कच्चं असो की पिकलं, पालाश तोच. तळताना पाणी उडून तो उलट घट्ट होतो, आणि वर मीठ.

मार्चमध्ये त्याच भागात एका शिबिराला गेले तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. माईंनी बटाटा हातावरच चिरला, बोटाच्या पेराएवढ्या फोडी, आणि मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात सोडल्या. दहा मिनिटांनी चाळणीवर ओतल्या. खाली पिवळसर गढूळ पाणी. माईंनी ते पातेलं सवयीने चुलीशेजारी सरकवलं, आमटीत घालायला. शिजवलेल्या भाजीचं पाणी फेकायचं नाही, हे त्यांच्या हातात वर्षानुवर्षं मुरलेलं. ओसरीवरून आप्पांचा आवाज आला: “ते पानी केयले टाकी दे!” माई पातेलं घेऊन परसात गेल्या. तिथे केळीचं एक खोड आहे, त्याच्या बुडाशी ओतून आल्या. तेव्हापासून त्या घरात भाजीचं पाणी वाया जातं असं कुणी म्हणत नाही.

एप्रिलच्या तपासणीत पोटॅशियम 5.1. वजन 59.

आखाजी निभावली, एकादशीने गाठलं

30 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती. लेकी माहेरी, दारात झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, रशी, कुरडया. सुनेने चार दिवस आधीच फोन केला. मी म्हटलं, पोळी खाऊ द्या. पुरणाची हरभरा डाळ उकळून तिचा कट काढतातच, म्हणजे आपल्याला हवं ते काम ती रीतच करते. पालाश कटात जातो, आणि कटाची होते रशी. तेव्हा रशी नाही. पुरणात निम्मा गूळ, निम्मी साखर. आमरस एक छोटी वाटी, त्या दिवशी दुसरं फळ नाही. कुरडई एक, चवीपुरती. मे महिन्यात पोटॅशियम 5.0. मी खूश होते, आणि चुकले ते इथेच.

6 जुलैला आषाढी झाली. 7 तारखेला नेहमीची तपासणी होती. पोटॅशियम 6.3.

डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, पोटॅशियम आतड्यातच बांधून ठेवणारी पावडर सुरू केली, एक रात्र निरीक्षणाखाली ठेवलं. ईसीजीत काही नव्हतं, नशीब. दुसऱ्या दिवशी मी पलंगाशेजारी बसून आदल्या दोन दिवसांचं खाणं लिहून काढलं. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि भरपूर कूट घालून. दुपारी रताळ्याचा कीस, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मध्ये राजगिऱ्याचा लाडू, गुळातला. संध्याकाळी दोन खजूर आणि एक शहाळं, “उपाशी पोटी आहेत म्हणून”. आणि एक केळं. आप्पांनी ते लपवलं नाही. देवाच्या दिवशी प्रसादाचं केळं त्यांच्या हिशेबात नव्हतंच.

साबुदाणा बिचारा निर्दोष. तो जवळपास नुसता स्टार्च, पोटॅशियम नगण्य. त्याच्या आजूबाजूचं सगळं मात्र पालाशाच्या गोणीतून काढल्यासारखं.

माळकरी माणूस महिन्यातून दोन एकादश्या करतो, वर्षाच्या चोवीस. फेब्रुवारीपासून प्रत्येक पंधरवड्यात हे होत होतं, आणि आमच्या तपासण्या योगायोगाने दोन एकादश्यांच्या मध्ये पडत होत्या. मी पाच महिने ‘रोज काय खाता’ असं विचारत होते. त्यांनी रोजचं सांगितलं. गळ्यातली माळ मला पहिल्या दिवशी दिसली होती. तिच्यावरून मटण वगळलं आणि उपवास विचारायचा राहिला.

दुसरं कारण सुनेच्या पिशवीत निघालं. पुण्याच्या थोरल्या मुलाने तीन आठवड्यांपूर्वी ‘कमी सोडियमचं’ मीठ पाठवलं होतं. रक्तदाबाला चांगलं म्हणून. अशा मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचा विकार असलेल्यांना त्यातून स्पष्ट वगळलं आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं मी आप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “म्हणजे पांढरा पोटॅश.” खरंच तोच, बागेत गोणीने टाकतात तो आणि हा, रसायन एकच. उपवासाचं सैंधवही घरात होतं. ते बहुतांशी साधंच मीठ, त्याला वेगळी सूट नाही, एवढं सांगून ते बाजूला ठेवलं.

मुलावर कुणी रागावू नये याची काळजी आप्पांनीच घेतली.

चातुर्मासाचं ताट

उपवास सोडा असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी सुटला नसता, फक्त मला सांगणं सुटलं असतं. उपवासाचं ताट वेगळं बांधलं: भगर, सोबत दुधीची किंवा काकडीची भाजी, जिऱ्या-मिरचीची, कुटाचा एक चमचा. साबुदाण्याची खिचडी हवी तर बटाटा उकळून पाणी काढलेला, दोन-चार फोडी. शेंगदाण्याची आमटी, रताळं, खजूर, शहाळं बंद. पोट भरायला साबुदाण्याची साखर घातलेली खीर, दूध दिवसाच्या मापातलं. प्रसादाचं केळं हातात घ्यायचं, कपाळाला लावायचं, नातवाला द्यायचं. ही तोड माईंची.

आणखी एक गाठ होती. आषाढीच्या आधी कांदेनवमी झाली की माईंच्या घरात वांगं, कांदा, लसूण चातुर्मासभर बंद. म्हणजे माझी सर्वात भरवशाची भाजी ऐन वेळी ताटातून उठली. तिच्या जागी गिलके आले. पुण्याकडचे ज्याला घोसाळं म्हणतात ते; बांधावर वेल असतो, पावसाळ्यात खाऊन संपत नाही, पोटॅशियमही कमी. आठवड्यातून तीनदा गिलके, मग दोडका, कोबी, तोंडली. आप्पा कंटाळले आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मीही मान्य केलं. गिलक्यांची भजी एका रविवारी, बेसनाऐवजी निम्मं तांदळाचं पीठ घालून, ही त्या कंटाळ्याची भरपाई.

बद्धकोष्ठावर इसबगोल, भाज्या परत आल्याने पडलेला फरक, आणि पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्टमध्ये पोटॅशियम 5.2. पावडर डॉक्टरांनी हळूहळू थांबवली. ऑक्टोबरमध्ये एक तपासणी मुद्दाम एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ठेवली: 4.9.

26 नोव्हेंबरला चंपाषष्ठी होती. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं मोकळं. बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, असा सुनेचा निरोप आला, सोबत फोटो: काळी पडलेली वांगी, धूर, आणि कडेला बसलेले आप्पा. डिसेंबरच्या भेटीत क्रिएटिनीन 2.8, पोटॅशियम 4.8, वजन 61. हे आकडे आप्पांचे. दुसऱ्या रुग्णाची औषधं वेगळी, लघवीचं प्रमाण वेगळं, आणि डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचा हिशेब उलटा, वाढवावा लागतो.

त्या भेटीत मी त्यांना अर्ध्या केळ्याची मुभा दिली, ज्या दिवशी दुसरं फळ नसेल त्या दिवशी. आप्पांनी ती घेतली नाही. अर्धं केळं सोलून उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, असं म्हणाले. आमच्या कर्मचाऱ्यांसाठी आणलेली फणी टेबलावर ठेवली आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली. सुनेने मोबाइलवर आधी एकादशी पाहिली, मग तारीख सांगितली.